वॉरंटीचा तेरावा महिना

चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याला लागलं की चाळीसेक किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर येतं. रामानुजाचार्यांचं हे जन्मगाव. आपल्याकडे मात्र हे नाव घरोघरी पोचलं ते २१ मे १९९१ च्या रात्री राजीव गांधींची तिथे हत्या झाली तेव्हा. गावाची तिसरी ओळख त्यानंतरची. आपल्या चाकण-रांजणगावात जशी एमआयडीसी, तशी तिथे सिपकॉट. नोकियाने २००६ मध्ये फोनचा कारखाना काढला आणि २०१४ मध्ये बंदही केला. डेलचा संगणकांचा कारखाना २००७ चा. सॅमसंग आणि फॉक्सकॉन याच पट्ट्यात आहेत, आणि फ्लेक्सच्या कारखान्यात एचपीचे लॅपटॉप जुळवले जातात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीसाठी उघडे पडलेले कितीतरी लॅपटॉप जन्माने तिथले.

योगायोग असा, की या देशातल्या ग्राहकाला स्वतःचं न्यायपीठ दिलं ते राजीव गांधींच्याच सरकारच्या काळातल्या कायद्याने. ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. तोच दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्याआधी बारा वर्षं पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली होती, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि चेन्नईत सीएजी ही ग्राहक संस्था १९८५ पासून काम करते आहे. १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला आणि जुलै २०२० मध्ये लागू झाला. तरीही एका साध्या प्रश्नाला त्यात सरळ उत्तर नाही: पन्नास-साठ हजारांचा लॅपटॉप किती वर्षं चालायला हवा?

हा प्रश्न लोकांच्या वाट्याला येतो तो बहुधा तेराव्या-चौदाव्या महिन्यात. सकाळी चार्जरचा दिवा लागतो, पंखा दोन सेकंद फिरतो, पडदा काळाच. सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरचा मुलगा खालचा क्रमांक टाकून आधी तारीख बघतो. ‘आउट ऑफ वॉरंटी दाखवतंय, मदरबोर्ड गेलाय.’ मग एस्टिमेट येतं. बोर्डाची किंमत कधीकधी नव्या लॅपटॉपच्या निम्म्यापर्यंत जाते. बहुतेक माणसं इथे मान खाली घालतात. वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला, असं आपण धरूनच चालतो. ही समजूत चूक आहे. पण ‘ग्राहक कोर्टात गेलं की पैसे मिळतात’ हा गप्पांमधला दिलासाही तितकाच चूक. खरी परिस्थिती या दोन्हींच्या मधे आहे आणि ती बरीचशी कागदावर, तारखांवर आणि पुराव्यावर अवलंबून आहे.

वॉरंटी हे कंपनीने स्वतःहून दिलेलं वचन: अमुक महिन्यांत बिघडलं तर फुकट दुरुस्त करू. मुदत सरली की वचन सरलं, इतकंच. कायद्याने विक्रेत्यावर टाकलेली जबाबदारी वेगळी आहे आणि ती वॉरंटी कार्डावर छापलेली नसते. १९३० चा मालविक्री कायदा सांगतो, की त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली तर ती विक्रीयोग्य दर्जाची असली पाहिजे. कलम १६ पाहा. २०१९ च्या कायद्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या करताना दर्जातली उणीव कायद्याने ठरलेली असो, उघड करारातली असो किंवा गृहीत धरलेल्या करारातली असो, तिला दोषच म्हटलं आहे. या व्याख्येत महिन्यांचा आकडा कुठेही नाही. म्हणजे लॅपटॉप ज्या दिवशी विकला त्याच दिवशी त्याच्या पोटात दोष होता आणि तो चौदाव्या महिन्यात बाहेर आला, असं दाखवता आलं, तर ‘वॉरंटी संपली’ हे कंपनीचं संपूर्ण उत्तर होऊ शकत नाही.

कंपन्यांच्या वकिलांनाही हे माहीत असतं. म्हणून वॉरंटीच्या बारीक अक्षरांत एक वाक्य हमखास सापडतं: वर दिलेल्या हमीपलीकडच्या सर्व गर्भित हम्या वगळल्या आहेत. मालविक्री कायद्याचं कलम ६२ अशी सूट देतं. खोकं उघडल्यावर हाती येणाऱ्या कागदावर एकतर्फी छापलेली अट कितपत बंधनकारक, हा वाद घालता येतो. २०१९ च्या कायद्याने ‘अनुचित करार’ ही नवी संकल्पना आणली ती अशाच अटींसाठी. पण मेख पाहा. अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगात जावं लागतं. साठ हजारांच्या लॅपटॉपसाठी सोलापूरच्या माणसाने तिथे दाद मागावी, ही अपेक्षा कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक.

एवढं कायद्याचं. प्रकरण अडतं ते पुढे, पुराव्याशी. मशीन मेलेलं आहे हे कोणीही दाखवेल. ते जन्मजात दोषाने मेलं, की विजेच्या झटक्याने, की कीबोर्डवर सांडलेल्या चहाने, हे कोण सांगणार? सिद्ध करण्याचं ओझं तक्रारदारावर आहे. आणि वॉरंटी चालू असतानाच्या बिघाडाबद्दलसुद्धा न्यायालयं हात राखून बोलतात. २००६ मध्ये मारुतीच्या एका गाडीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वॉरंटीच्या शब्दांप्रमाणे कंपनीवर दोषी भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची जबाबदारी येते, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही. लॅपटॉपच्या तक्रारीत ‘नवा द्या’ या मागणीपुढे हीच भिंत उभी राहते. बोर्ड फुकट बदलून द्या, ते जमत नसेल तर रक्कम परत करा आणि झालेल्या त्रासाची भरपाई द्या, अशी पायरीपायरीने केलेली मागणी जास्त टिकते.

कायद्याने वाट ठेवली आहे, नाही असं नाही. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि अहवाल ४५ दिवसांत यावा अशी तरतूद आहे. फी मात्र आधी तक्रारदाराने भरायची. व्यवहारात लोक हा अर्ज करतच नाहीत. बिल आणि ईमेलच्या प्रिंट जोडतात आणि बाकीचं आयोगाच्या सहानुभूतीवर सोडतात. माझ्या मते वॉरंटीनंतरच्या तक्रारींचा कणाच इथे मोडतो. जाणकाराचा अहवाल नसेल तर कंपनीचा अभियंता शपथपत्रावर ‘द्रवाचे डाग आढळले’ लिहितो आणि त्याला उत्तर उरत नाही.

उलट एक परिस्थिती ग्राहकाला चांगलीच अनुकूल असते. बिघाड वॉरंटीत सुरू झाला, दोनतीनदा सर्व्हिस सेंटरला नेला, तात्पुरता सुटला आणि मुदतीनंतर कायमचा बसला. इथे दोष मुदतीतलाच. तारीख उलटून गेली म्हणून तो नवा होत नाही. पण त्यासाठी जॉबशीट हवी. हा कागद जवळून पाहण्यासारखा आहे. त्यावर मशीनचा क्रमांक, जमा केल्याची तारीख, ‘ग्राहकाची तक्रार’ असा एक रकाना आणि ‘बाह्य स्थिती’ असा दुसरा. पहिल्या रकान्यात मुलगा आपल्या सोयीने ‘नो पॉवर’ लिहितो, किंवा नुसतं ‘चेक अँड अपडेट’. आपण तिथे उभं राहून ‘गरम होऊन आपोआप बंद पडतो, तिसऱ्यांदा आणला’ असं लिहून घ्यायला हवं. दुसऱ्या रकान्यात ‘स्क्रॅचेस, बिजागरी सैल’ असलं काही असेल तर सही करण्याआधी वाचायचं. पुढे तेच ‘ग्राहकाने आदळला’ म्हणून परत येतं. मशीन परत घेताना कोणता भाग बदलला हे लिहिलेला कागद मागायचा. पैसे देऊन बदललेल्या भागालाही स्वतःची वॉरंटी असते, बहुधा ९० दिवसांची. आणखी एक: कंपनीच्या संगणकातली वॉरंटीची सुरुवात आणि तुमच्या बिलाची तारीख कधी कधी जुळत नाही, कारण मशीन दुकानात काही आठवडे पडून असतं. बिल दाखवून ती तारीख दुरुस्त करून घेता येते. काठावरच्या किती तरी तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

मग कंपनीला माहीत असलेला पण गिऱ्हाइकाला माहीत नसलेला दोष? त्याचं ठळक उदाहरण २००८ चं. लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने त्या वर्षीच्या जुलैत जाहीर केलं, की काही चिपा आणि त्यांच्या पॅकेजिंगमध्ये वापरलेलं साहित्य कमकुवत असल्यामुळे बिघाड होत आहेत, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. चिप आणि तिच्याखालची पट्टी यांना जोडणारे झाळणीचे ठिपके डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. मशीन तापतं तेव्हा चिप आणि पट्टी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, थंड झालं की आकुंचन पावतात. रोज हे चालतं. मधलं साहित्य नीट नसेल तर ठिपक्यांना तडे जातात, आणि एके दिवशी पडद्यावर रेघा उमटतात किंवा काहीच उमटत नाही. हा दोष पहिल्या महिन्यात दिसणं अवघड. तो वर्ष-दीड वर्षाने दिसतो. म्हणजे नेमका वॉरंटी संपल्यावर. डेलने अशा मॉडेलांची वॉरंटी १२ महिन्यांनी वाढवली, एचपीनेही काही मॉडेलांसाठी वाढवली, ॲपलने त्या चिपेचे लॅपटॉप मुदतीनंतरही फुकट दुरुस्त करून दिले. अमेरिकेत सामूहिक दावा होऊन २०१० मध्ये तडजोड झाली. तिथेही सगळं गोड झालं नाही. एचपीच्या ग्राहकांना महागड्या मशीनच्या बदल्यात स्वस्तातला कॉम्पॅक देऊ केला म्हणून ओरड झालीच. पण मुद्दा लक्षात घ्या. एकेकट्या गिऱ्हाइकाला सिद्ध करणं अशक्य होतं ते हजारो तक्रारी एकत्र आल्यावर आपोआप सिद्ध झालं.

२०१५ ते २०१९ दरम्यानच्या मॅकबुकच्या पातळ कीबोर्डचं हेच झालं. ॲपलने २०१८ मध्ये खरेदीपासून चार वर्षांपर्यंत फुकट दुरुस्ती देऊ केली, आणि पुढे अमेरिकेत पाच कोटी डॉलरची तडजोड.

म्हणून तेराव्या महिन्यात मशीन बसलं की पहिलं काम कायदेशीर नोटीस नव्हे. आपल्याच मॉडेलला हाच रोग इतरांनाही झाला आहे का, कंपनीने जगात कुठे वॉरंटी वाढवली आहे का, हे शोधावं. अशी योजना परदेशात असेल आणि इथे नसेल, तर कंपनीला तोच प्रश्न लेखी विचारावा. त्याचं उत्तर, किंवा उत्तर न देणं, हा चांगला पुरावा असतो. एकाच दोषाचे अनेक ग्राहक मिळून आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करू शकतात, ही सोय आपल्याकडे जुन्या कायद्यापासून आहे. वापर कमी. आपण प्रत्येक जण आपापलं बिल छातीशी धरून वेगळ्या रांगेत उभे राहतो.

२०१९ च्या कायद्याने एक गोष्ट मात्र मनापासून सोपी केली. पूर्वी तक्रार करायची तर जिथे कंपनीचं कार्यालय किंवा शाखा, किंवा जिथे व्यवहार घडला, तिथला जिल्हा गाठावा लागे. ऑनलाइन घेतलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत व्यवहार घडला कुठे, यावरच वर्ष जायचं. आता तक्रारदार राहतो किंवा नोकरी-धंदा करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. खोक्यावर पत्ता श्रीपेरुंबुदूरचा असला तरी लातूरच्या माणसाने लातुरातच दाद मागायची. कंपनीने वकील पाठवावा. किंमत म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख, तेव्हा लॅपटॉप त्यात आरामात बसतो. वकील सक्तीचा नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो: आधी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती. सुनावणी दूरदृश्य पद्धतीने मागता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. पैसा लागत नाही आणि कंपनी पुष्कळदा तिथेच नमतं घेते.

मुदत मात्र विसरू नये. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. कारण कधी घडलं, खरेदीच्या दिवशी की दोष उघड झाला त्या दिवशी, यावर वाद होतो. छुप्या दोषात ग्राहकाने दुसऱ्या तारखेचा आग्रह धरावा, पण शहाण्याने पहिली तारीख धरूनच धावपळ करावी. उशीर झालाच तर सबळ कारण देऊन माफी मागता येते.

प्रतिवादी कोण, हेही विचार करून ठरवावं. गोव्यातल्या एका ग्राहकाला विक्रेत्याने जुनी गाडी नवी म्हणून दिली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये टाटा मोटर्सला मोकळं केलं. विक्रेत्याने केलेल्या फसवणुकीची कंपनीला माहिती होती असं दाखवल्याशिवाय कंपनी जबाबदार नाही. धडा उलटा वाचायचा. दोष बनावटीचा असेल तर कंपनी हवीच, दुकानदाराने काही सांगितलं-लपवलं असेल तर दुकानदार हवा. लॅपटॉपच्या तक्रारीत कंपनी, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर तिघांनाही पक्षकार करणं बरं.

२०१९ च्या कायद्यातला सर्वांत गाजलेला भाग उत्पादन दायित्वाचा. बनावटीतल्या किंवा आराखड्यातल्या दोषाने नुकसान झालं तर उत्पादक भरपाई देईल, असं त्यात आहे आणि लोकांना वाटतं, झालं आपलं काम. तसं नाही. ‘हानी’च्या व्याख्येतून वस्तूचं स्वतःचं नुकसान वगळलेलं आहे. बॅटरी पेटून टेबल जळालं, हात भाजला, तर हे प्रकरण लागू. २००६ मध्ये सोनीच्या बॅटऱ्यांमुळे डेलने ४१ लाख बॅटऱ्या परत बोलावल्या होत्या, त्या जातीचा हा धोका. लॅपटॉप नुसताच शांतपणे मेला असेल तर हे कलम उपयोगी नाही. सदोष वस्तूची साधी तक्रारच करायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचंही असंच: माल परत मागवण्याचे अधिकार त्याला आहेत, पण धोकादायक मालासाठी. टिकत नाही म्हणून माल परत मागवा, असं या देशात कोणी कोणाला सांगू शकत नाही.

आणि ग्राहक कोण? व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू या कायद्याबाहेर. डीटीपी किंवा फोटो एडिटिंग करून स्वतः पोट भरणारा माणूस आत येतो, पण दहा लॅपटॉप घेणारी फर्म नाही. जीएसटीचा परतावा मिळावा म्हणून घरचा लॅपटॉप फर्मच्या नावे घेण्याची आपली सवय इथे महागात पडू शकते. वडिलांनी घेतला आणि मुलगी वापरते, तर मुलगी ग्राहकच. व्याख्येत तसं आहे.

बाहेरच्या जगाकडे पाहिलं की आपली पोकळी दिसते. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो विक्रीच्या दिवशीच होता असं गृहीत धरतात. नाही म्हणायचं तर विक्रेत्याने सिद्ध करावं. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात हे गृहीतक सहा महिन्यांचं, पण इंग्लंडमध्ये दावा सहा वर्षांपर्यंत आणता येतो. ऑस्ट्रेलियात आकडाच नाही. वस्तू किंमत आणि प्रकार पाहता वाजवी काळ टिकली पाहिजे. युरोप आणि ब्रिटनशी आपला मूळ फरक एकच: तिथे पुराव्याचं ओझं सुरुवातीला तरी विकणाऱ्याकडे. आपल्या कायद्यात एवढं एक गृहीतक घातलं, बारा महिने नको, अठरा महिन्यांचं, तर आयोगांपुढचे निम्मे वाद कमी होतील असं मला वाटतं. त्यासाठी दहा नव्या पोर्टलांची गरज नाही.

सरकारचं लक्ष सध्या दुरुस्तीच्या हक्कावर आहे. २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षीच्या ग्राहक दिनी पोर्टल सुरू झालं. त्याआधी मोटारींच्या बाबतीत स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोकला होता, सुटे भाग बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत म्हणून. लॅपटॉपमध्ये तो रोग आणखी जुनाट आहे. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर किंवा तपकीर गल्लीत सूक्ष्मदर्शकाखाली बोर्ड धरून बसलेला कारागीर जळालेला एक कपॅसिटर शोधून काही शेकड्यांत मशीन जिवंत करतो. अधिकृत केंद्रात तो बोर्ड कचऱ्यात जातो आणि बिल पाच आकडी येतं. कारागिराकडे सर्किटचा नकाशा असतो तोही कुठून तरी मिळवलेला. मात्र ग्राहक आयोगात जायचा विचार असेल तर आधी बाहेर उघडू नये. ‘अनधिकृत माणसाने हात लावला’ हे कंपनीला आयतं कोलीत मिळतं. दोन्हीतला एक रस्ता सुरुवातीलाच निवडावा लागतो, आणि अनेकांसाठी रिची स्ट्रीटचा रस्ता जास्त शहाणपणाचा, हेही कबूल करायला हवं. आयोगाने तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाचांत, निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. रिकाम्या खुर्च्यांमुळे ते होत नाही. नेमणुकांचं घोंगडं इतकं भिजत पडलं की जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि नेमणुकीचे काही नियम नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी रद्द केले. निकाल लागेतोवर, ज्याला उद्या ऑनलाइन मुलाखत द्यायची आहे त्याने काय करावं?

मे २०२५ मध्ये आणखी एका समितीने दुरुस्ती निर्देशांकाची शिफारस केली: वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, माहिती देतात का, यावर कंपनीने स्वतःच गुण जाहीर करायचे. फ्रान्समध्ये २०२१ पासून असे गुण दुकानातल्या लॅपटॉपवर लिहिलेले असतात. आपल्याकडे सुरुवात मोबाइलपासून व्हायची आहे. हा निर्देशांक आला तर स्क्रू किती आणि डिंक किती ते कळेल. बोर्ड किती वर्षं टिकायला हवा होता, हे ठरवण्याचं काम तरीही जिल्हा आयोगातल्या त्या दोन-तीन सदस्यांकडेच राहील, आणि त्यांच्यासमोर ठेवायला तुमच्याकडे बिल, जॉबशीट आणि एखाद्या जाणकाराचं एक पानभर टिपण असेल किंवा नसेल.